जुन्या मोटार-इंजिनाची ओळख

जुन्या मोटार-इंजिनाची ओळख म्हणजे गाडीपासून सुटून पडलेल्या, कागदपत्रे उपलब्ध नसलेल्या किंवा दीर्घकाळ बंद अवस्थेत राहिलेल्या मोटारीच्या इंजिनाचा निर्माता, प्रकार, अंदाजे निर्मितिकाळ आणि मूळ वाहन निश्चित करण्याची पद्धत होय. शेतातील गोठे, खळ्यावरील छपऱ्या, जुने वाडे, बंद पडलेल्या पिठाच्या गिरण्या व गॅरेजांची मागील आवारे अशा ठिकाणी ही इंजिने आढळतात. ओळखीसाठी इंजिनाची रचना, ओतीव व ठोकीव क्रमांक, सिलिंडरांची मोजमापे, जोडभाग आणि स्थानिक माहिती यांचा एकत्रित विचार केला जातो. यांपैकी कोणताही एकच पुरावा बहुधा निर्णायक ठरत नाही. दोन किंवा अधिक स्वतंत्र पुरावे जुळल्यावरच ओळख पक्की मानली जाते.

ओळख न पटलेले इंजिन बहुधा भंगाराच्या भावाने, वजनावर विकले जाते. बिडाच्या चार सिलिंडरी इंजिनाचे वजन साधारणपणे शंभर ते दोनशे किलो भरते, आणि एकदा ते भट्टीत गेले की त्यावरील क्रमांकांबरोबर त्या गाडीच्या इतिहासाचा अखेरचा पुरावाही नाहीसा होतो. याउलट चुकीची ओळख लावून दुसऱ्या गाडीत बसविलेले इंजिन नोंदणीच्या वेळी कायदेशीर अडचण निर्माण करू शकते. त्यामुळे इंजिन उघडण्यापूर्वी, हलविण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी त्याची ओळख पटविणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारगाड्या येऊ लागल्या. सुरुवातीला त्या पूर्ण तयार स्थितीत आयात होत. पुढे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे सुट्या भागांपासून गाड्या जुळविण्याचा कारखाना सुरू केला; तो १९५४ पर्यंत चालला. फोर्ड कंपनीनेही १९२६ मध्ये भारतात आपली शाखा स्थापन केली होती. त्यामुळे दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात पश्चिम भारतात ब्रिटिश गाड्यांबरोबर अमेरिकी गाड्या व मालमोटारीही मोठ्या प्रमाणात आल्या.

हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ मध्ये झाली. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईतील कुर्ला येथे आधी क्रायस्लर गटातील डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या आणि पुढे फियाट गाड्या तयार केल्या. महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी हाती घेतली. मद्रास येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने व्हॅनगार्ड, स्टँडर्ड टेन व हेरल्ड या गाड्या बाजारात आणल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या जीप व मालमोटारीही खासगी मालकांच्या हाती गेल्या. १९५० ते १९८५ या काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पोहोचलेली पेट्रोल इंजिने मुख्यतः याच थोड्या घराण्यांतील असल्याने, शोधाचे क्षेत्र वाटते त्यापेक्षा बरेच मर्यादित असते.

खानदेशातील संदर्भ

तळोदा हे नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण सातपुड्याच्या पायथ्याशी, तापी नदीच्या उत्तरेस वसलेले आहे. सुरत–भुसावळ लोहमार्ग नंदुरबारवरून, म्हणजे तापीच्या दक्षिणेकडून जातो. त्यामुळे तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या भागातील वाहतुकीची भिस्त दीर्घकाळ रस्त्यांवरील वाहनांवरच राहिली आहे. सातपुड्यातील चढउतारांच्या रस्त्यांवर जीप हे वाहन विशेष उपयोगी ठरले.

या भागात सापडलेल्या जुन्या इंजिनाचा माग काढताना प्रशासकीय सीमांचे बदल ध्यानात घ्यावे लागतात. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तळोदा पश्चिम खानदेशात होते. या जिल्ह्याला पुढे धुळे जिल्हा असे नाव मिळाले. १ मे १९६० पूर्वी हा प्रदेश मुंबई राज्याचा भाग होता. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. आज नंदुरबारच्या वाहनांना ‘एमएच-३९’ व धुळ्याच्या वाहनांना ‘एमएच-१८’ हे संकेत आहेत. म्हणून १९९८ पूर्वीच्या गाडीची नोंद शोधताना केवळ नंदुरबारच्या कार्यालयात चौकशी करणे पुरेसे होत नाही. धुळ्याचा विचार करावा लागतो. गुजरात व मध्य प्रदेशाच्या सीमा जवळ असल्याने गाडी मुळात परराज्यात नोंदलेली असण्याची शक्यताही उरते.

खानदेशात गोठ्याला ‘कोठा’ असेही म्हणतात. कोठ्यात चारा, अवजारे, खताची पोती व निकामी यंत्रे एकत्र ठेवण्याची पद्धत असल्याने इंजिनाशेजारी पडलेल्या वस्तूही ओळखीस मदत करतात. गाडीची नंबरपट्टी, दिव्याची काच, चाकावरील टोपी, गिअरपेटी किंवा जुन्या पावत्यांचे पुडके इंजिनाइतकेच बोलके ठरू शकते. त्यामुळे इंजिन बाहेर काढण्यापूर्वी सभोवतालच्या वस्तूंसह त्याची छायाचित्रे घेणे इष्ट असते.

प्राथमिक पाहणी

पहिला प्रश्न, सापडलेले इंजिन मोटारीचे आहे की अन्य कशाचे, हा असतो. ग्रामीण महाराष्ट्रात विहिरीवर पाणी उपसणारी व गिरणी चालविणारी स्थिर इंजिने मोठ्या संख्येने होती. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या १९४६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची, साताऱ्याच्या कूपर कारखान्याची आणि इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धर्तीवर राजकोट येथे बनलेली इंजिने त्यांत प्रमुख आहेत. अशा इंजिनांची सामान्य लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

- बहुतेक इंजिनांना एक किंवा दोनच सिलिंडर असतात.
- दोन्ही बाजूंना किंवा एका बाजूला उघडे, जड गतिचक्र असते.
- वेग स्थिर राखण्यासाठी नियंत्रक बसविलेला असतो.
- फेऱ्या कमी असतात. लिस्टरच्या ६ अश्वशक्तीच्या मंदगती इंजिनाचा वेग मिनिटाला ६५० फेरे इतका असे.
- गिअरपेटी जोडण्याची घंटाकार जागा नसते.

मोटारीच्या इंजिनाला बहुधा चार किंवा सहा सिलिंडर एका ओळीत असतात. गतिचक्र मागील बाजूस आच्छादनात असून त्याच्या कडेला स्टार्टरसाठी दातेरी कडे असते, आणि मागे गिअरपेटी जोडण्यासाठी भोकांची मालिका असते. तथापि मोटारीचे इंजिन पुढे पाण्याच्या पंपाला किंवा गिरणीला जोडले गेले असेल, तर त्यावर पट्ट्याची चाके व नवे पाय बसविलेले आढळतात. अशा वेळी मूळ ठोकळ्याकडे पाहून निर्णय घ्यावा लागतो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत विशेष काळजी आवश्यक असते, कारण एकच इंजिन गाडीत व ट्रॅक्टरमध्ये वापरल्याची उदाहरणे आहेत. स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीच्या इंजिनाचे जवळचे भावंड फर्ग्युसन टीईए-२० ट्रॅक्टरमध्ये होते. दोहोंत दट्ट्याची धाव ९२ मिलिमीटर आहे. सुरुवातीच्या ट्रॅक्टर इंजिनाचा अंतर्व्यास मात्र ८० मिलिमीटर व व्हॅनगार्डचा ८५ मिलिमीटर होता.

डिझेल इंजिन ओळखणे तुलनेने सोपे असते. त्यावर ठिणगी प्लग, वितरक व कार्ब्युरेटर नसतात. त्यांच्या जागी इंधन-अंतःक्षेपण पंप, त्यातून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या पोलादी नळ्या व नोझल असतात.

रचनेवरून ओळख

इंजिनाचे वर्णन करताना डावी व उजवी बाजू ही चालकाच्या आसनावरून पुढे पाहताना जी असेल ती धरतात. ओळीतील इंजिनात रेडिएटरकडील सिलिंडर सामान्यतः पहिला मानला जातो. हा संकेत न पाळल्यास पुस्तकातील वर्णन व प्रत्यक्ष इंजिन यांचा मेळ बसत नाही.

सिलिंडरांच्या संख्येनंतर झडपांची जागा हे सर्वांत उपयुक्त लक्षण होय. तिचे तीन मुख्य प्रकार आढळतात.

१. बाजूच्या झडपांचे इंजिन. दोन्ही झडपा ठोकळ्यात, सिलिंडरच्या शेजारी असतात. वरचे शीर्ष जाड, सपाट पाटासारखे दिसते, आणि ठोकळ्याच्या बाजूला झडपांच्या कप्प्याचे झाकण असते. फोर्ड मॉडेल टी, मॉरिस एट आणि युद्धकाळातील विलीज जीप ही याची उदाहरणे आहेत.

२. शीर्षस्थ झडपांचे इंजिन. झडपा शीर्षात असतात व त्यांवर पत्र्याचे लांबट झाकण असते. ते काढल्यावर झडपा दाबणाऱ्या दोलकांची रांग दिसते. फियाट ११००, स्टँडर्ड हेरल्ड व नंतरच्या अँबॅसिडरची इंजिने या प्रकारची आहेत.

३. मिश्र रचनेचे इंजिन. आत येणाऱ्या मिश्रणाची झडप वर शीर्षात व धूर बाहेर सोडणारी झडप बाजूला ठोकळ्यात असते. जीपच्या ‘हरिकेन’ इंजिनात ही रचना आहे. भारतात ती अन्य गाड्यांत क्वचितच आढळत असल्याने ग्रामीण महाराष्ट्रात असे चार सिलिंडरी इंजिन मिळाल्यास प्रथम महिंद्राच्या सीजे-३बी जीपचा विचार करावा लागतो. या इंजिनाची उंची जुन्या इंजिनापेक्षा अधिक असल्यानेच सीजे-३बी जीपचे बॉनेट उंच करावे लागले होते.

ठिणगीचा क्रम हाही एक पुरावा आहे, पण त्याचा उपयोग मर्यादित असतो. बहुतेक चार सिलिंडरी गाड्यांत १-३-४-२ असा क्रम असतो. फोर्ड मॉडेल टीमध्ये तो १-२-४-३ असल्याने त्या इंजिनाच्या बाबतीत मात्र हा क्रम उपयोगी पडतो.

क्रमांक व खुणा

इंजिनावर आढळणारे आकडे व अक्षरे एकाच प्रकारची नसतात. त्यांतील भेद न कळल्यामुळे ओळखीत सर्वाधिक चुका होतात.

*ओतीव क्रमांक.* ठोकळा साच्यात ओततानाच उठावदार उमटलेले हे आकडे असतात. हा त्या ओतीव भागाचा क्रमांक असून एकाच नमुन्याच्या हजारो ठोकळ्यांवर तोच असतो. त्यावरून इंजिनाचे घराणे कळते, विशिष्ट गाडी कळत नाही.

*ओतकामाची तारीख.* काही निर्माते ठोकळ्यावर तारखेचा संकेत उमटवीत. जनरल मोटर्सच्या पद्धतीत महिन्यासाठी इंग्रजी वर्णमालेतील ‘ए’ ते ‘एल’ ही बारा अक्षरे, पुढे दिवस व शेवटी वर्षाचा अंक किंवा अंक येतात. वर्षाचा एकच अंक असल्यास दशक अन्य पुराव्यांवरून ठरवावे लागते. ‘७’ हा अंक १९३७ चा असू शकतो, तसाच १९४७ चाही. तसेच ही तारीख ओतकामाची असते. गाडी त्यानंतर तयार झालेली असते.

*ठोकीव क्रमांक.* सपाट केलेल्या जागेवर पोलादी ठशांनी खोलगट उमटविलेला हा अनुक्रमांक त्या एका इंजिनाचा असतो. नोंदणीपुस्तकात ‘इंजिन क्रमांक’ म्हणून लिहिला जातो तो हाच. विलीज जीपमध्ये तो ठोकळ्याच्या पुढच्या भागात उजव्या बाजूला, पाण्याच्या पंपाजवळील उंचवट्यावर असतो. युद्धकाळातील विलीज इंजिनाच्या क्रमांकाआधी ‘एमबी’ व फोर्डने बनविलेल्या त्याच नमुन्याच्या इंजिनावर ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे असतात. फोर्ड मॉडेल टीचा क्रमांक डाव्या बाजूला, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर असतो.

*ओळखपट्टी.* काही ब्रिटिश इंजिनांवर क्रमांक ठोकळ्यावर न ठोकता रिव्हेटने बसविलेल्या धातूच्या पट्टीवर असतो. अशी पट्टी सहज निघते, हरवते किंवा दुसऱ्या इंजिनावर लावता येते. म्हणून केवळ पट्टीवर विसंबून राहता येत नाही.

सध्या गाड्यांवर असणारा १७ चिन्हांचा वाहन-ओळखक्रमांक १९८० च्या दशकापासून रूढ झाला. त्यापूर्वीच्या इंजिनावर तो शोधणे व्यर्थ असते.

क्रमांक वाचण्याची रीत

साचलेले वंगण व माती प्रथम लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढतात. नंतर रॉकेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने व मऊ ब्रशने जागा स्वच्छ करतात. विजेरीचा उजेड समोरून न टाकता अगदी तिरपा टाकल्यास खोलगट अक्षरांच्या सावल्या पडतात व ती वाचता येतात. पांढऱ्या खडूची भुकटी चोळल्यास ती खाचांत बसते. कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरविल्यास क्रमांकाचा ठसा मिळतो आणि तो जपूनही ठेवता येतो. ग्राइंडर, कानस, खरखरीत पॉलिशकागद किंवा आम्ल यांचा वापर टाळावा लागतो. घासून गेलेले ठसे विशिष्ट रसायनांनी पुन्हा दृश्यमान करण्याचे तंत्र न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वापरले जाते. परंतु घरगुती प्रयत्नांनी ठसा कायमचा नष्ट होऊ शकतो, आणि क्रमांक मुद्दाम घासल्याचा संशयही निर्माण होतो.

मोजमापे

क्रमांक वाचता येत नसल्यास सिलिंडरचा अंतर्व्यास व दट्ट्याची धाव मोजून इंजिनाचे घनफळ काढतात. त्याचे सूत्र असे आहे:

घनफळ = व्यास × व्यास × ०.७८५४ × धाव × सिलिंडरांची संख्या

मोजमाप सेंटिमीटरमध्ये घेतल्यास उत्तर घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे प्रचलित भाषेत ‘सीसी’मध्ये येते. फियाट ११०० चा व्यास ६.८ सेंमी व धाव ७.५ सेंमी आहे. सूत्रानुसार ६.८ × ६.८ × ०.७८५४ × ७.५ × ४ = सुमारे १०८९ घन सेंमी.

भारतात आढळणाऱ्या काही इंजिनांची मूळ मोजमापे पुढे दिली आहेत.

| इंजिन | सिलिंडर | झडपा | व्यास × धाव (मिमी) | घनफळ (घन सेंमी) |
|---|---|---|---|---|
| फोर्ड मॉडेल टी (१९०८–१९२७) | ४ | बाजूच्या | ९५.३ × १०१.६ | २८९६ |
| मॉरिस एट (१९३५–१९४८) | ४ | बाजूच्या | ५७ × ९० | ९१८ |
| शेवरोले ‘२१६’ (१९३७–१९५३) | ६ | शीर्षस्थ | ८८.९ × ९५.३ | ३५४७ |
| विलीज जीप (१९४१–१९४५) | ४ | बाजूच्या | ७९.४ × १११.१ | २१९९ |
| जीप सीजे-३बी, हरिकेन | ४ | मिश्र | ७९.४ × १११.१ | २१९९ |
| स्टँडर्ड व्हॅनगार्ड | ४ | शीर्षस्थ | ८५ × ९२ | २०८८ |
| स्टँडर्ड हेरल्ड | ४ | शीर्षस्थ | ६३ × ७६ | ९४८ |
| मॉरिस ऑक्सफर्ड एमओ | ४ | बाजूच्या | ७३.५ × ८७ | १४७६ |
| अँबॅसिडर, बी-मालिका | ४ | शीर्षस्थ | ७३ × ८८.९ | १४८९ |
| फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी | ४ | शीर्षस्थ | ६८ × ७५ | १०८९ |
| मारुती ८०० | ३ | शीर्षस्थ | ६८.५ × ७२ | ७९६ |

या तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, केवळ घनफळ पुरेसे नसते. विलीज व हरिकेन यांचे घनफळ एकच आहे; फरक झडपांच्या रचनेत आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या १४७६ व अँबॅसिडरच्या १४८९ घन सेंमी इंजिनांच्या व्यासांत अवघा अर्धा मिलिमीटर फरक आहे, पण एकाच्या झडपा बाजूला व दुसऱ्याच्या वर असल्याने पाहताक्षणी ती वेगळी करता येतात. अँबॅसिडरच्या डिझेल इंजिनाचे घनफळही १४८९ घन सेंमीच होते.

दुसरी, धाव हे व्यासापेक्षा अधिक विश्वसनीय मोजमाप आहे. झिजलेले सिलिंडर लेथवर मोठे करण्याची, म्हणजेच ‘रिबोअर’ करण्याची पद्धत आहे. त्यामुळे व्यास वाढतो, धाव मात्र क्रँकशाफ्टवर अवलंबून असल्याने बदलत नाही. जीपचे इंजिन एका इंचाच्या साठ सहस्रांशांनी वाढविल्यास व्यास सुमारे ८०.९ मिमी व घनफळ २२८५ घन सेंमीच्या आसपास भरते. हे मूळ घनफळापेक्षा ८५ घन सेंमीने अधिक असल्याने नवखा शोधक भलत्याच इंजिनाकडे वळू शकतो.

धाव मोजण्यासाठी प्लगच्या भोकातून काडी घालून दट्ट्याच्या वरच्या व खालच्या स्थितींतील अंतर घेण्याची सोपी रीत प्रचलित आहे. बाजूच्या झडपांच्या इंजिनात प्लग बहुधा दट्ट्याच्या बरोबर वर नसल्याने ती रीत फसते; तेथे शीर्ष काढणे आवश्यक असते. इंजिन जाम असल्यास क्रँकशाफ्ट जोर लावून फिरवू नये.

ब्रिटिश गाड्यांच्या नावांतील ‘सेव्हन’, ‘एट’, ‘टेन’ हे आकडे पुष्कळदा करासाठी ठरविलेल्या अश्वशक्तीचे असत. इंचांतील व्यासाचा वर्ग, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणून २.५ ने भागल्यास ही अश्वशक्ती मिळते. व्यास मिलिमीटरमध्ये असल्यास १६१३ ने भागतात. मॉरिस एटच्या ५७ मिमी व्यासावरून ८.०६ हे उत्तर येते व नावाचा उलगडा होतो. या हिशेबात धावेला स्थान नसल्याने कर वाचविण्यासाठी कमी व्यासाची व लांब धावेची इंजिने बनविली गेली. अशी लांब धाव आढळल्यास इंजिन जुन्या ब्रिटिश परंपरेतील असण्याची शक्यता वाढते. तथापि जीपसारखी अमेरिकी इंजिनेही लांब धावेची होती.

जोडभाग व आटे

वितरक, डायनॅमो, स्टार्टर व कार्ब्युरेटर यांवर त्यांच्या निर्मात्यांची नावे असतात. ल्युकास हे नाव ब्रिटिश, ऑटो-लाइट व डेल्को-रेमी ही अमेरिकी आणि मॅग्नेटी मॅरेली हे इटालियन परंपरेकडे निर्देश करते. कार्टर कार्ब्युरेटर विलीज जीपवर व एसयू कार्ब्युरेटर अनेक ब्रिटिश गाड्यांवर असे. मात्र हे भाग वारंवार बदलले जातात. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मायको कंपनीचा भाग परदेशी इंजिनावर दिसल्यास तो नंतरच्या दुरुस्तीचा पुरावा असतो, इंजिनाच्या जन्माचा नव्हे.

बोल्टांचे आटे अधिक टिकाऊ साक्ष देतात. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत आट्याचा कोन ५५ अंश, तर अमेरिकी व मेट्रिक पद्धतींत तो ६० अंश असतो. आटेमापकाने हा फरक तपासता येतो. जुन्या मॉरिस इंजिनांत मात्र एक चमत्कारिक मिश्रण आढळते. त्या कारखान्याचे मूळ फ्रेंच हॉचकिस कंपनीशी निगडित असल्याने बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ पान्याची असत. असे बोल्ट मिळणे हे मॉरिसचे बळकट लक्षण मानले जाते.

नेहमीच्या चुका

- ओतीव क्रमांक हाच इंजिन क्रमांक समजणे.
- झाकणावरील किंवा कार्ब्युरेटरवरील नावावरून संपूर्ण इंजिनाचा निर्माता ठरविणे.
- रंगावरून निष्कर्ष काढणे. दुरुस्तीनंतर इंजिनाला कोणताही रंग दिला जातो.
- इंजिन ज्या गाडीत बसविलेले आहे त्याच गाडीचे ते आहे असे गृहीत धरणे. इंधनखर्च वाचविण्यासाठी जीप व मोटारींतील पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविण्याची पद्धत ग्रामीण भागात रूढ होती.
- दोन वेगवेगळ्या इंजिनांच्या भागांतून जुळविलेले इंजिन एकसंध मानणे. ठोकळा, शीर्ष व क्रँकशाफ्ट यांवरील क्रमांक स्वतंत्रपणे तपासावे लागतात.
- कुटुंबातील आठवणी निर्णायक मानणे किंवा अजिबात विचारात न घेणे. ज्येष्ठ व्यक्ती व जुने मिस्त्री यांच्या सांगण्यावरून शोधाची दिशा मिळते. त्याची खातरजमा मात्र धातूवरील पुराव्याने करावी लागते. ग्रामीण बोलीत ‘जीप’ व ‘फियाट’ ही नावे सैलपणे वापरली जातात, हेही लक्षात ठेवणे आवश्यक असते.

कायदेशीर बाजू

भारतात मोटार वाहनांविषयीचे कायदे १९१४, १९३९ व १९८८ मध्ये करण्यात आले. १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. वाहनाच्या नोंदणीपत्रात चासी क्रमांक व इंजिन क्रमांक हे दोन्ही असतात. नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यावर या अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्बंध आहेत. म्हणून सापडलेले इंजिन दुसऱ्या गाडीत बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयाशी संपर्क साधणे आवश्यक ठरते. सुट्या इंजिनाच्या मालकीचा काही कागद नसल्यास विक्रेत्याकडून लेखी पावती घेणे हिताचे असते. क्रमांकाची जागा घासलेली, ठसे असमान किंवा पट्टी नव्याने बसविलेली दिसल्यास व्यवहार थांबवून पोलिसांकडे चौकशी करणे योग्य होय.

जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि चासी, बांधणी व इंजिन यांत मोठा बदल नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत ‘व्हिंटेज’ ठरतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी वैध असते. अशी वाहने प्रदर्शन, व्हिंटेज फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. नित्य किंवा व्यावसायिक वापरास मनाई आहे. मूळ इंजिन कायम असण्याला या नियमांत महत्त्व असल्याने, गाडी एका ठिकाणी व इंजिन दुसऱ्या ठिकाणी पडलेले असल्यास दोहोंचे क्रमांक जुळविणे विशेष मोलाचे ठरते.

जागतिक स्तरावरही दीर्घकाळ बंदिस्त राहिलेल्या गाड्यांविषयी मोठे कुतूहल आहे. फ्रान्समध्ये २०१४ मध्ये रोजे बायॉं यांच्या मालकीच्या सुमारे ६० जुन्या गाड्यांचा संग्रह शेतावरील छपऱ्यांखाली व कोठारांत आढळला आणि २०१५ मध्ये पॅरिस येथे त्यांचा लिलाव झाला. चासी व इंजिन यांचे मूळ क्रमांक जुळणे हा अशा गाड्यांची किंमत ठरविणारा एक प्रमुख निकष असतो.

जतन

गोठ्यातील हवा इंजिनाला अपायकारक असते. गुरांच्या मूत्रातून व काही खतांतून सुटणारा अमोनिया पितळ व तांबे यांच्या मिश्रधातूंना, म्हणजे कार्ब्युरेटरचे सुटे भाग, नळ्या व रेडिएटर यांना बाधतो. खतांतील क्षार ओलावा धरून बीड व पोलाद गंजवितात. म्हणून ओळख पटेपर्यंतही इंजिन कोरड्या जागी, जमिनीपासून उंच लाकडी ओंडक्यांवर ठेवणे श्रेयस्कर असते. प्लगची भोके, कार्ब्युरेटरचे तोंड व धुराचा मार्ग बंद केल्यास उंदीर, गांधीलमाशा व पाणी आत शिरत नाहीत. जाम झालेल्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून काही दिवस वाट पाहतात व नंतर हाताने सावकाश फिरवून पाहतात. गाडी ओढून किंवा स्टार्टर लावून ते फिरविल्यास दट्ट्याची कडी व झडपा मोडतात.

जुन्या गॅस्केटांत व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ती कोरडी घासणे किंवा त्यांवर हवेचा झोत मारणे आरोग्यास घातक आहे. दीर्घकाळ न हललेल्या इंजिनाखाली साप व विंचू आसरा घेतात. त्यामुळे ते हाताने न उचलता प्रथम पहारीने हलविणे सुरक्षित असते.

ओळख पूर्ण झाल्यावर क्रमांकाचा ठसा, मोजमापे, छायाचित्रे, सापडल्याचे ठिकाण व तारीख आणि माहिती देणाऱ्यांचे कथन यांची एकत्रित टिपणी ठेवणे उपयुक्त ठरते. इंजिन पुढे विकले गेले किंवा मोडीत निघाले, तरी त्या परिसरातील मोटारवाहतुकीच्या इतिहासाचा एक दुवा अशा टिपणीमुळे शिल्लक राहतो.

हे सुद्धा पहा

- अंतर्ज्वलन इंजिन
- कार्ब्युरेटर
- जीप
- प्रीमियर पद्मिनी
- हिंदुस्थान अँबॅसिडर
- तळोदा
- नंदुरबार जिल्हा